सदनिकेतील उपग्रह-दूरदर्शन

रेडिओच्या लहरी भिंती ओलांडून घरात शिरतात. उपग्रहाकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचे तसे नाही. त्यांना तबकडीपर्यंत सरळ, मोकळी वाट लागते. स्वतंत्र घराच्या गच्चीवर ती सहज मिळते. सदनिकेत राहणाऱ्याच्या वाट्याला मात्र सज्जातून दिसणारा आकाशाचा एक तुकडाच येतो, आणि तो योग्य दिशेचा आहे की नाही यावर सारे अवलंबून असते.

बालाघाटचे उदाहरण घ्यावे. दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्याच गतीने फिरतो. म्हणून तो एका जागी स्थिर भासतो. वैनगंगेकाठच्या या शहरातून तो दक्षिणेपासून सुमारे ३२ अंश पूर्वेस आणि क्षितिजापासून ६० अंश उंच असतो. या सेवेस मासिक वर्गणी नाही, व तीवर सह्याद्री वाहिनीही आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्यांची राजधानी होती, त्या बालाघाटातील मराठी घरांना ही गोष्ट लहान वाटत नाही.

समोरची इमारत आड येईल, ही भीती बहुधा व्यर्थ असते. ती तीस फुटांवर असेल, तर तबकडीहून सुमारे पन्नास फूट उंच असल्यावाचून अडथळा होत नाही. खरा शत्रू डोक्यावर असतो : वरच्या मजल्याचा सज्जा. साठ अंशांची रेषा एक फूट पुढे जाताना पावणेदोन फूट चढते. वरचा सज्जा तबकडीच्या मध्यापासून पाच फूट उंच असेल, तर साठ सेंटिमीटरच्या तबकडीची रुंदी धरता त्याची कड त्या दिशेने पावणेदोन फुटांहून अधिक पुढे आलेली चालत नाही. म्हणून तबकडी कठड्याच्या बाहेरच्या अंगास, पक्क्या पकडीने बसवावी लागते. ती सुटून खाली पडली तर काय होईल, याचा विचार आधी करावा.

नेहमीची तबकडी पाहणाऱ्यास फसवते. तिचा ग्राहक खालच्या बाजूस असल्यामुळे ती प्रत्यक्ष रोखापेक्षा वीसपंचवीस अंशांनी अधिक उभी दिसते. ती आकाशाकडे पुरेशी वळलेली नाही असे समजून अनेकजण तिला उगाच मागे कलवितात आणि मग संकेत हरवला म्हणून कष्टी होतात. ती अगदी सावकाश फिरवावी; प्रत्येक हालचालीनंतर पेटीला संकेत ओळखण्यास क्षणभर अवधी द्यावा.

उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या सदनिकेस गच्चीवाचून गत्यंतर नाही. गच्ची सर्वांची असते. संमती लेखी घ्यावी, व जलरोधक थर भेदून छिद्रे पाडू नयेत. आठदहा बिऱ्हाडांनी आठदहा तबकड्या उभारण्यापेक्षा एकच तबकडी व अनेक तोंडांचा ग्राहक बसवून प्रत्येकाकडे तार नेणे सुज्ञपणाचे. तार मात्र फार लांब झाली की संकेत क्षीण होतो.

मुसळधार पावसात चित्र गोठते, कारण या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व ऑक्टोबरच्या प्रारंभी सूर्य उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हाही काही मिनिटे असेच घडते. अशा वेळी तबकडीस हात लावू नये.