घरांतील पियानो : निवड आणि खरेदी

वाद्य घरांत आलें म्हणजे विद्याही त्याच्या पाठोपाठ आली, असा पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांचा समज असतो. वस्तुतः वाद्य हें विद्येचें साधन आहे. आणि साधनाची निवड चुकली, तर दोष साधनाच्या पदरीं न पडतां शिकणाऱ्या मुलाच्या पदरीं पडतो. सहा महिन्यांनीं वाद्यावर कापड पडतें, ‘मुलाला गोडी नाहीं’ असा निकाल दिला जातो, आणि ज्या बोटांना योग्य पट्टी कधीं मिळालीच नाहीं, तीं बोटें कायमचीं थांबतात.

अकोल्यासारख्या शहरांत ही अडचण अधिक जाणवते. येथून नागपूर रेल्वेनें सुमारें अडीचशें किलोमीटर आणि मुंबई पावणेसहाशें किलोमीटर. जिल्ह्याच्या ठिकाणीं पेटी, तबला वा गिटार सहज मिळते. परंतु चारपांच पियानो एका ओळींत ठेवून प्रत्येकावर हात फिरवून पाहण्याची सोय क्वचितच लाभते. त्यामुळें वऱ्हाडांतील गृहस्थ संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर चित्र पाहून ऑनलाइन मागणी नोंदवितो. जी वस्तु बोटांनीं पारखावयाची, ती डोळ्यांनीं पारखावी लागते. म्हणून काय पाहावें, हें आधींच ठाऊक असणें अवश्य आहे.

महाराष्ट्रांतील घरांना पट्ट्यांचें वाद्य नवें नाहीं. युरोपांत १८४० च्या सुमारास हार्मोनियम निघाली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास तिला हातानें भाता मारण्याचें, मांडी घालून वाजविण्याजोगें रूप दिलें. आणि संगीत नाटकांच्या व भजनी मंडळांच्या द्वारें ती मराठी घराघरांत पोंचली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं तिला कलेची प्रतिष्ठा दिली. तिचे सूर ठरलेले असल्यामुळें मींड व सूक्ष्म श्रुति तिच्यांतून निघत नाहींत, या आक्षेपावरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. बंदी होती तरी घरांतली पेटी कोणी बाहेर काढली नाहीं, कारण सुरांची ओळख करून देणारें तितकें स्वस्त व सुटसुटीत साधन दुसरें नव्हतें.

मात्र पेटी येते म्हणून पियानोही येईल, असें समजणें बरोबर नाहीं. पेटींत एक हात भात्यावर गुंतलेला असतो. पियानोंत दोन्ही हात स्वतंत्र कामें करतात. पेटीची पट्टी हलकी दाबली काय किंवा जोरानें दाबली काय, सुराचा लहानमोठेपणा भात्याच्या वाऱ्यावर अवलंबून असतो. पियानोंत तो बोटाच्या आघातावर अवलंबून असतो. इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें हें वाद्य घडविलें, तें याच गुणासाठीं : पट्टी दाबतांच एक लहान हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागें येते, बोटाचा वेग जितका अधिक, तितका नाद मोठा. हळू आणि जोरानें असे दोन्ही सूर देणारें वाद्य, असा त्याच्या मूळ इटालियन नांवाचा आशय आहे.

मग खरा, तारांचा पियानोच कां घेऊं नये? त्याला किंमतीखेरीज दोन अडचणी आहेत. साध्या उभ्या पियानोचें वजन दोनशें किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतें. दुसरी अडचण हवेची. वऱ्हाडांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. जून-जुलैंत तीच हवा पाण्यानें जड होते. लांकूड त्याप्रमाणें आकसतें व फुगतें, तारांचा ताण बदलतो आणि सूर उतरतात किंवा चढतात. अशा वाद्याचे सूर वरचेवर जुळवून घ्यावे लागतात, आणि तें काम करणारा कसबी मनुष्य मोठ्या शहरांबाहेर सहजासहजीं मिळत नाहीं. बेसूर पियानोवर शिकणाऱ्या मुलाचा कानच बिघडतो.

डिजिटल पियानोंत तारा नसतात. उत्तम पियानोचे एकेक सूर आधीं ध्वनिमुद्रित करून त्याच्या स्मृतींत साठविलेले असतात. पट्टीखालीं विद्युत्-संवेदक असतात. पट्टी खालीं जातांना एकापाठोपाठ एक ते स्पर्शिले जातात. या दोन स्पर्शांमधील काळ यंत्र मोजतें, त्यावरून बोटाचा वेग ठरवितें आणि त्या वेगाला साजेल असा मृदु किंवा तीव्र नाद बाहेर सोडतें. ऋतु कोणताही असो, सूर जुळविण्याचा प्रश्न येत नाहीं.

येथेंच खरेदी करणाराची मुख्य फसगत संभवते. बाजारांत ‘कीबोर्ड’ व ‘डिजिटल पियानो’ हीं दोन निराळीं वाद्यें आहेत. साध्या कीबोर्डाला बहुधा ६१ पट्ट्या, म्हणजे पांच सप्तकें असतात. पट्ट्या स्प्रिंगवर बसविलेल्या व हलक्या असतात, आणि अगदीं स्वस्त नमुन्यांत आघात लहान असो वा मोठा, नाद एकसारखाच निघतो. त्यावर शेंकडों वाद्यांचे आवाज व तयार ठेके असतात, त्यामुळें मूल चार दिवस रमतें. परंतु बोटांना बळ येत नाहीं. सिनेमाच्या चाली वाजवावयाच्या किंवा गाण्याला सूर धरावयाचा, तर असा कीबोर्ड पुरेसा आहे. त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पियानो शिकावयाचा असेल, तर मात्र ८८ पट्ट्या आणि हातोडीचा भार असलेली बैठक, जिला ‘हॅमर ॲक्शन’ म्हणतात, ती असावीच. तिच्यांत खर्जाकडील पट्ट्या बहुधा जड आणि तारसप्तकाकडील हलक्या असतात, खऱ्या पियानोंत असतात तशाच. पैसे थोडे असतील तर आवाजांची संख्या, रंगीत दिवे व ठेके यांवर पाणी सोडावें. पट्टीच्या भारावर सोडूं नये.

यानंतर पाहावयाची गोष्ट म्हणजे एका वेळीं किती सूर टिकतात. पायानें पॅडल दाबून ठेवलें, कीं आधींचे सूर वाजत राहतात व नवे त्यांत मिसळतात. यंत्राची मर्यादा संपली, कीं जुने सूर तुटतात. आरंभीच्या अभ्यासाला ६४ सुरांची मर्यादा चालते. यामाहाचा पी-४५ हा बहुपरिचित नमुना एवढ्याच शक्तीचा आहे. रोलंडच्या एफपी-१० मध्यें ती ९६ आहे. दोन्ही वाद्यें साधारण अकराबारा किलोंचीं असून सव्वाचार-साडेचार फूट जागेंत मावतात. घरांत गाणारें कोणी असल्यास ‘ट्रान्स्पोज’ ही सोय उपयोगी पडते : काळी पांचमध्यें गाणाऱ्याला साथ करतांना बोटें ओळखीच्याच पट्ट्यांवर राहतात आणि यंत्र स्वर बदलून देतें. मुलाला परीक्षेस बसवावयाचें असल्यास त्या संस्थेचे वाद्याविषयींचे नियम खरेदीपूर्वीं वाचावे.

व्यवहाराची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जाहिरातींतील किंमतींत स्टँड, पॅडल व अडॅप्टर आहेत किंवा नाहींत, हें पाहावें. नसल्यास हिशेब बराच बदलतो. हमी कोण देतो, कंपनी कीं केवळ विक्रेता, आणि दुरुस्तीचा मनुष्य अकोल्यास येतो कीं वाद्य नागपुरास न्यावें लागतें, हें लेखी विचारून घ्यावें. खोकें उघडतांना चित्रफीत काढावी, त्याच दिवशीं सर्व ८८ पट्ट्या हळू व जोरानें वाजवून पाहाव्या, आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोकें मोडूं नये.

कायदाही ग्राहकाच्या बाजूस आहे. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशीं न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देतां येत नाहीं. तक्रार-अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोंच देऊन एका महिन्यांत निवारण करावें, असें बंधन आहे. तेवढ्यानें न भागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर दाद मागतां येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें विक्रेता मुंबईचा असो वा बंगळूरचा, अकोल्याच्या ग्राहकास आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करतां येते. आणि पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस तिचें शुल्क पडत नाहीं. पावती जपून ठेवणें, एवढेंच त्याचें काम.

वाद्य घरांत आल्यावर त्याची जागा विचारपूर्वक ठरवावी. उन्हाळ्यांत वऱ्हाडांतील प्रत्येक घरांत कूलर चालतो. त्याचा ओलसर झोत वाद्यावर येऊं देऊं नये, तसेंच पश्चिमेच्या खिडकींतील ऊनही. वीज वरचेवर जात असल्यास चांगला सर्ज प्रोटेक्टर लावावा. पट्ट्यांची उंची अशी असावी, कीं बसल्यावर कोपर व पट्टी साधारण एका पातळींत येतील. पलंगावर वाद्य ठेवून वाकून वाजविल्यास मनगट दुखूं लागतें. रात्रीं शेजाऱ्यांची झोंप न मोडतां सराव करण्यासाठीं हेडफोन तारेचा घ्यावा. बिनतारी हेडफोनांत सूर क्षणभर उशिरां पोंचतो आणि लय बिघडते.

सर्वांत शेवटीं, वाद्य नेहमीं उघडें आणि हाताशीं असावें. जें कपाटांतून काढून जोडावें लागतें, त्याच्यावर सणासुदीसच बोटें फिरतात. जें बैठकीच्या खोलींत मांडलेलें असतें, त्याच्यापुढें शाळेंतून आलेलें मूल दप्तर टाकून दहा मिनिटें सहज बसतें. रोजच्या त्या दहा मिनिटांतच विद्या आहे. आणि खरेदींत केलेल्या साऱ्या चौकशीचें सार्थक त्या दहा मिनिटांवरच अवलंबून आहे.