बोगद्यातलं पाऊण मिनिट

पनवेलजवळच्या मोकळ्या मैदानात रस्त्याचा नकाशा काढणारी आमची गाडी पाच मिनिटं नुसती उभी होती. दार उघडायचं नाही, सीटवर हलायचंही नाही, अशी ताकीद होती. मग ड्रायव्हरदादांनी इंग्रजी आठच्या आकड्यात दोन फेऱ्या मारल्या, लायसन्सच्या परीक्षेला मारतात तशा. "उभ्या गाडीला फक्त खाली कुठे ते कळतं, सर," मागे लॅपटॉप घेऊन बसलेली ऑपरेटर म्हणाली, "तोंड कुठल्या दिशेला आहे, ते वळल्यावर."

टपावर लेसर स्कॅनर, कॅमेरे आणि भाकरीएवढा जीपीएसचा अँटेना. खाली एका डबीत तीन जायरो आणि तीन त्वरणमापक; गाडीचा प्रत्येक हेलकावा ते सेकंदाला दोनशे वेळा टिपतात. अँटेना या डबीपासून किती पुढे, किती वर, हे मिलिमीटरमध्ये मोजून आधीच लिहून ठेवलेलं. त्यात चूक झाली तर गाडी वळेल तसा नकाशाही सरकतो. डाव्या मागच्या चाकाला फेऱ्या मोजणारा सेन्सर. मला तोच सगळ्यांत आवडला. एवढ्या थाटामाटात हा आपला बैलगाडीच्या काळातला हिशेब: चाक किती वेळा फिरलं, त्याला परिघाने गुणा.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर. वेळ मोजताना एका सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक झाली, तर अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं. आपल्या मोबाइलला चार-पाच मीटर इकडेतिकडे चालतात, या कामाला नाहीत. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम सुरू असलेल्या स्थानकाची त्याच वेळची नोंद घेतात. त्या स्थानकाची जागा पक्की ठाऊक असते. तिथे उपग्रह किती खोटं बोलले ते कळलं, की गाडीच्या नोंदीतून तेवढं वजा करायचं.

एक्सप्रेसवेवर भाताणचा बोगदा आला आणि स्क्रीनवरचा उपग्रहांचा आकडा शून्यावर गेला. बोगदा साधारण किलोमीटरभर, म्हणजे ताशी ८० च्या वेगाने पाऊण मिनिट. एवढा वेळ गाडीने डोळे मिटून चालायचं. एकटी डबी इथे भरकटते: त्वरणातून वेग, वेगातून अंतर काढताना बारीकशी चूक काळाच्या वर्गाने फुगत जाते. चाकाचा हिशेब तिला आवरून धरतो. मी उगाच श्वास रोखून बसलो होतो. दादा आरामात पानमसाला चघळत होते.

गाडी नेमकी कुठून गेली, हे ठरलं संध्याकाळी, ऑफिसात. सॉफ्टवेअरने तोच प्रवास दोनदा सोडवला: एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे बोगद्याच्या बाहेरच्या तोंडापासून मागे. दोन्ही रेषा आपापल्या तोंडाशी बिनचूक, आत जातील तशा डळमळीत. त्या एकत्र केल्यावर शंका उरली ती बोगद्याच्या मध्यावर.

ऑपरेटरने तिथेच झूम केलं. सकाळी बोगद्यातून दोन फेऱ्या झाल्या होत्या; लेनच्या एकाच पांढऱ्या पट्ट्याचं टोक पडद्यावर दोनदा दिसत होतं, चार बोटं पुढे-मागे. तिने फोन उचलला. "दादा, दुसऱ्या फेरीआधी टायरमध्ये हवा भरली होती का?"