एकदा चढवली की उतरत नाही!

फोनवरच्या ॲपमधला बराचसा कोड ते ॲप बनवणाऱ्यांनी लिहिलेलाच नसतो. नेटवरून माहिती आणायला एक तयार लायब्ररी, फोटो दाखवायला दुसरी, पैसे घ्यायला तिसरी. अँड्रॉइडवाले हा माल मुख्यतः दोन कोठारांतून उचलतात: एक गूगलचं स्वतःचं, दुसरं सोनाटाइप कंपनी चालवते ते मेव्हन सेंट्रल. उचलायला एक ओळ पुरते. आपला माल तिथे ठेवायला निघालात, तर मात्र एकेक गंमत दिसू लागते.

पहिलीच गंमत जरा घाम फोडणारी. मेव्हन सेंट्रलवर पब्लिश केलेलं व्हर्जन बदलता येत नाही आणि काढूनही टाकता येत नाही. १.०.० मध्ये बग राहिला? १.०.१ काढा. चुकून पासवर्ड आत गेला? मग पासवर्डच बदला, ती फाइल आता जगाची झाली. फ्लटरवाल्यांच्या पब डॉट डेव्हवर थोडी दयामाया आहे: सात दिवसांच्या आत व्हर्जन ‘मागे घेतलं’ असं जाहीर करता येतं. तरी फाइल जागेवरच राहते.

इतका हट्ट कशासाठी, ते जावास्क्रिप्टवाल्यांच्या एनपीएम या कोठाराने मार्च २०१६ मध्ये दाखवून दिलं. एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, एका डेव्हलपरने रागाने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं. काम एवढंच, की शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरायच्या. पण बेबेल हे जावास्क्रिप्टचं साधन त्याच्यावर टेकलेलं, आणि बेबेलवर अर्धं जावास्क्रिप्ट जग. एनपीएमने ते पॅकेज लेखकाला न विचारता परत चढवलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

उलटा पत्ता

मेव्हनमध्ये लायब्ररीचा पत्ता तीन भागांचा असतो: ग्रुप, नाव, व्हर्जन. ग्रुप म्हणजे वेबसाइटचं नाव उलटं करून. स्क्वेअरअप डॉट कॉमची ओकेएचटीटीपी ही लायब्ररी ‘कॉम डॉट स्क्वेअरअप’पासून सुरू होते, पाकिटावर आधी भारत, मग महाराष्ट्र, मग सातारा आणि सगळ्यात शेवटी घर नंबर लिहावा तशी. डोमेन आपलंच आहे हे सिद्धही करावं लागतं. कोठार एक कोड देतं, तो डोमेनच्या डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद म्हणून टाकायचा. डोमेन नसेल तर गिटहबच्या खात्यावर ‘आयओ डॉट गिटहब’चा ग्रुप मिळतो, तोही फुकट.

आता डोमेनचे वार्षिक पैसे भरायला कुणी विसरलं तर? ते कुणीही विकत घेऊ शकतं आणि जुन्या लायब्ररीचा मालक म्हणून मिरवू शकतं. जानेवारी २०२४ मध्ये ओव्हरसिक्युअर्ड या कंपनीने नेमकं हेच दाखवलं आणि त्याला ‘मेव्हनगेट’ असं झकास नाव दिलं. सोनाटाइपने मग मुदत संपलेल्या डोमेनांशी जोडलेली खाती बंद केली.

एक फाइल, वीस फाइली

अँड्रॉइडची लायब्ररी म्हणजे एक एएआर फाइल. तिच्या नावाचं शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत मॅनिफेस्ट, क्लासेस नावाचा जार, रिसोर्सेसचा फोल्डर आणि ‘आर’ नावाची टेक्स्ट फाइल. बस, संपलं गुपित.

पण ती एकटी पाठवून चालत नाही. लायसन्स, लेखक, सोर्सचा पत्ता लिहिलेली पॉम फाइल हवी. सोर्स कोडचा जार हवा, जावाडॉकचा जार हवा. झाल्या चार. प्रत्येकीसोबत पीजीपी सही आणि एमडी५, शा१ हे दोन ठसे असे तीन सोबती: सोळा. अँड्रॉइडचे बिल्ड बनवणारा ग्रेडल आपली मॉड्यूल फाइल जोडतो, ती आणि तिचे सोबती धरून वीस. जावाडॉक लिहिलेलंच नसेल तर? जारमध्ये एक रीडमी टाकून पाठवा. ही पळवाट खुद्द नियमावलीनेच दिली आहे.

मला सगळ्यात आवडते ती सहीची गोष्ट. सही नसेल तर फाइल दारातच अडते. पण तीच फाइल उतरवून घेताना मेव्हन आणि ग्रेडल ही बिल्डची दोन्ही साधनं आपणहून सही तपासत नाहीत! ग्रेडलमध्ये ती सोय ६.२ पासून आहे, पण चालू करावी लागते.

एका अधिक चिन्हाची करामत

जावास्क्रिप्टमधून मोबाइल ॲप बनवायच्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हचे अँड्रॉइड भाग वर्षानुवर्षं एनपीएमच्या पॅकेजमधूनच यायचे आणि प्रोजेक्टच्या ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये बसायचे. प्रोजेक्टच्या फाइलीत व्हर्जनच्या जागी नुसतं ‘+’ असायचं, म्हणजे जे सगळ्यात नवं असेल ते दे. फोल्डरात असायचं एकच व्हर्जन. मेव्हन सेंट्रलवर त्याच नावाचं ०.२० च्या जमान्यातलं जुनं काहीतरी पडून होतं, ते या शर्यतीत कधी जिंकणारच नव्हतं.

४ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार. टीमने ०.७१ चा पहिला रिलीज कँडिडेट थेट मेव्हन सेंट्रलवर ठेवला. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजत होते. ग्रेडलने ‘+’ पाहिलं, सगळी कोठारं धुंडाळली आणि ०.६३ वाल्यापासून ०.७० वाल्यापर्यंत सगळ्यांच्या पुढ्यात ०.७१ आणून ठेवलं. बिल्ड फटाफट फुटले. कोडला कुणी हात लावलेला नाही, गिटमध्ये काही बदल नाही, आणि सकाळी चालत होतं ते आता चालत नाही! वर ग्रेडल ‘+’चं उत्तर २४ तास जपून ठेवतो, त्यामुळे एकाच टीममध्ये एकाचा बिल्ड हिरवा नि शेजारच्याचा लाल, हेही शक्य. त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. जागरणाला निमित्त आयतं मिळालं.

मग ०.६३ पासूनच्या प्रत्येक मालिकेसाठी दुरुस्त व्हर्जन काढावं लागलं. ०.७१ मध्ये नावही बदललं: ‘रिअ‍ॅक्ट-नेटिव्ह’चं झालं ‘रिअ‍ॅक्ट-अँड्रॉइड’.

नाव बदललं की पाटी कोरी, हे गूगललाही ठाऊक आहे. अँड्रॉइडच्या सपोर्ट लायब्रऱ्या २८.०.० वर पोचल्या आणि २०१८ मध्ये तोच माल अँड्रॉइडएक्स नावाने पुन्हा १.०.० पासून सुरू झाला.

कोठारंही बंद पडतात. अँड्रॉइड स्टुडिओ एके काळी नव्या प्रोजेक्टमध्ये आपणहून जेसेंटर या कोठाराचं नाव लिहायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते चालवणाऱ्या जेफ्रॉग कंपनीने ते गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि लायब्रऱ्या लिहिणाऱ्यांची मेव्हन सेंट्रलकडे एकच पळापळ झाली. ऑगस्ट २०२४ पासून जेसेंटरचं दार ठोठावलं तरी माल मेव्हन सेंट्रलमधूनच येतो.

आयफोनच्या गल्लीत

तिथे २०११ पासून कोकोपॉड्स या पॅकेज मॅनेजरचा जम होता. त्यांची सगळी यादी गिटहबवरच्या एका रिपॉझिटरीत, आणि त्यातही एकाच फोल्डरात हजारो पॉड, म्हणजे त्यांच्याकडच्या लायब्रऱ्या. २०१६ मध्ये गिटहबचे सर्व्हर त्या ओझ्याने कण्हू लागले, गिटहबने वेग आवळला आणि पॉड उतरवणाऱ्यांचे हाल झाले. उपाय भन्नाट निघाला: प्रत्येक पॉडच्या नावाचा एमडी५ काढायचा आणि त्याच्या पहिल्या तीन अक्षरांचे एकात एक फोल्डर करून पॉड त्यात ठेवायचा. माणसाला काही सापडेना, पण गिट खूश. आता त्यांचा ट्रंक सर्व्हर २ डिसेंबर २०२६ पासून नवीन काही घेणार नाही, असं त्यांनीच जाहीर केलं आहे.

त्यांची जागा घेणाऱ्या स्विफ्ट पॅकेज मॅनेजरला मध्यवर्ती कोठार लागतच नाही. गिटवर १.२.० असा टॅग लावला आणि पुश केला, झालं पब्लिश. ना सही, ना जावाडॉक. पण गिटचा टॅग उचलून दुसरीकडे लावताही येतो. म्हणून ॲपलचं एक्सकोड ‘पॅकेज डॉट रिझॉल्व्ह्ड’ या फाइलीत टॅगच्या शेजारी कमिटचा हॅशही लिहून ठेवतं, आणि पुढच्या खेपेला दोन्हींचा मेळ बसला नाही तर सरळ एरर देऊन थांबतं.