फॉल्स्टाफ, सर जॉन
विल्यम शेक्सपिअरच्या हेन्री द फोर्थ (दोन भाग, सु. १५९६–९८) ह्या ऐतिहासिक नाटकातील विनोदी पात्र. स्थूल, वृद्ध, मद्यपी आणि थापाडा असा हा सरदार युवराज हॅलचा सोबती. युवराज व त्याचा एक मित्र वेषांतर करून हल्ला करतात, तेव्हा तो पळ काढतो. पुढे हकिगत सांगताना मात्र दोन हल्लेखोरांचे अकरा करतो. श्रूझबरीच्या रणांगणावर तो मेल्याचे सोंग घेतो. प्रतिष्ठा मेलेल्याच्या काय कामाची, हे त्याचे तर्कट भित्र्याचे खरे. पण ते सहजी खोडता येत नाही. राज्यारोहणानंतर हॅल त्याला भर रस्त्यात झिडकारतो. राजधर्म म्हणून हे उचितच; तथापि प्रेक्षकांचे मन म्हाताऱ्याकडेच ओढ घेते. द मेरी वाइव्ह्‌ज ऑफ विंझरमधील फॉल्स्टाफ नुसताच फजितीचा धनी आहे. हेन्री द फिफ्थमध्ये (१५९९) त्याच्या मृत्यूची वार्ता तेवढी येते.