वृद्धाश्रमातील एक आवश्यक यंत्र

हृदयाचे ठोके अकस्मात विस्कळीत होऊन मनुष्य कोसळला, तर उपचारावाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक त्याच्या जगण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी घटते. राजवाड्याभोवतालच्या गल्ल्यांतून सायंकाळी रुग्णवाहिका किती वेळाने येते, हे सराफ्यात वावरणाऱ्या वाचकांस सांगणे नलगे. म्हणून डिफिब्रिलेटर हे यंत्र वृद्धाश्रमातच हवे. 1965 साली बेलफास्टच्या डॉ. पँट्रिज यांनी फिरते यंत्र सिद्ध केले, तेव्हा त्याचे वजन सुमारे 70 किलो होते. आपल्या 50 किलोंच्या पोत्याहूनही जड! आजचे यंत्र एका हाती नेता येते. ते स्वतः ठोके तपासते, बोलून सूचना देते व आवश्यक असेल तरच विजेचा झटका देते. ते आणीपर्यंत छाती दाबत राहावे लागते. हे सेवकवर्गास शिकविले पाहिजे.

ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या 2007 च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रमांची तरतूद केली, रुग्णालयांत स्वतंत्र रांगही सांगितली; या यंत्राचे नाव मात्र त्यात नाही. ते बंधनकारक व्हावे. तोवर आपण देणगीदारांनी नावाच्या संगमरवरी पाटीआधी हे यंत्र मागावे. आपल्या वजनकाट्यावर सरकारी शिक्का जसा मुदतीत लागतो, तशीच याची बॅटरी व छातीस चिकटवावयाच्या पट्ट्या मुदतीत बदलाव्यात. आणि ते कुलुपात तर ठेवूच नये.