रुग्णाच्या चहाची चौकशी

प्रमेहाच्या रुग्णास उपाशीपोटी रक्तशर्करा तपासून येण्यास सांगावे, अहवालातील आकडा अनपेक्षित दिसावा आणि खोदून विचारल्यावर उत्तर मिळावे, "डॉक्टर, काही खाल्लं नव्हतं, नुसता चहा घेतला होता." हा अनुभव बहुतेक वैद्यांना आला असेल. आपल्याकडे चहा आहारात मोजलाच जात नाही. अनेक घरांत तो उपवासालाही चालतो. मात्र या तपासणीपूर्वी किमान आठ तास पाण्याखेरीज काही घ्यावयाचे नसते, आणि त्यात बिनसाखरेचा, दुधाचा चहाही आला. रुग्णपत्रिकेत चहा-कॉफीसाठी स्वतंत्र रकाना असावा, असे आमचे मत यातूनच बनले.

बाजारपेठेत दुकान चालविणाऱ्या आमच्या एका रुग्णाने गोड पदार्थ पूर्णपणे सोडले होते. गिऱ्हाइकांबरोबरचे चहा मोजले, तेव्हा दिवसाचे पाच कप भरले, प्रत्येकी दोन चमचे साखरेचे. चमच्यास सुमारे ४ ग्रॅम धरले तरी ही साखर ४० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत असावी. २००० उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे अवघी २५ ग्रॅम. चरकाचार्यांनी प्रमेहहेतूंत गुळाचे विकार गणले आहेत, याचे स्मरण सध्या 'आयुर्वेदिक' या पाटीखाली गुळाचा चहा पिणाऱ्यांना करून द्यावे लागते. गुळातही मुख्यत्वे साखरच असते.

कॅफिनचा विचार याहून गुंतागुंतीचा आहे. कॅफिन घेतल्यावर काही तास इन्सुलिनची परिणामकारकता घटते. उलट, नियमित कॉफी पिणाऱ्यांत प्रमेहाचे प्रमाण कमी आढळते, असे पाश्चात्त्य देशांतील दीर्घकालीन निरीक्षणे सांगतात. कॅफिन काढलेल्या कॉफीबाबतही तसेच दिसते. म्हणजे गुण कॅफिनाचा नसून कॉफीतील अन्य घटकांचा असावा. परंतु निरीक्षण म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, आणि त्या कपावरून आपल्या उकळलेल्या, दुधासाखरेच्या कपाविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

हृदयाच्या दृष्टीने माफक चहा-कॉफी बहुतेकांना बाधत नाही. सवय नसलेल्यात रक्तदाब तात्पुरता वाढतो, काहींना धडधड जाणवते. कषाय रसाच्या अतियोगाने हृदयास पीडा होते असे चरकसंहितेत आहे. तथापि ते वचन थेट चहावर लावण्याचा मोह आम्ही टाळतो. कॉफीत मात्र कृतीला महत्त्व आहे. न गाळलेल्या कॉफीतील तैलांशाने रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते. कागदी गाळणीत तो अडकतो, धातूच्या गाळणीतून बराचसा उतरतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत कॅफिनची दैनिक मर्यादा ३०० मिलिग्रॅम दिली आहे. १५० मिलिलिटर चहात ते ३० ते ६५, तर तेवढ्याच उकळून काढलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असते. जेवणाच्या आधी व नंतर तासभर दोन्ही टाळावे, असेही तेथे सुचविले आहे.

चहा एकदम बंद करविल्यास दुसऱ्याच दिवशी डोके दुखते, आणि रुग्ण आपले पथ्यच सोडून देतो. म्हणून आम्ही प्रथम कपातील साखर अर्धा-अर्धा चमचा उतरवितो, कपांची संख्या मागाहून.

औषधालय चालकांना एक विनंती. चहाला पर्याय म्हणून आपण जी काढ्याची पाकिटे देतो, त्यांपैकी अनेकांत ज्येष्ठमध असते. ते नित्य व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन चालू असलेल्या हृद्रोग्यास हे घातक ठरू शकते. पाकीट देण्यापूर्वी रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी अवश्य विचारावे. अशा रुग्णांना आम्ही ज्येष्ठमध वगळून नुसती गवती चहाची पाने व चिमूटभर सुंठ उकळून घ्यावयास सांगतो, अर्थात गुळाविना.