जुळे भेटले, बायकोचं काय?

'अंगूर' (१९८२) टीव्हीवर लागला की अजूनही माझ्या हातातलं काम हातातच राहतं. दोन संजीवकुमार, दोन देवेन वर्मा आणि आपला नवरा नक्की कोणता या गोंधळात सापडलेली मौसमी चटर्जी! गुलजारांनी ही गोष्ट शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'वरून घेतली, हे बऱ्याच जणींना माहीत असेल. पण शेक्सपिअरनेही ती उसनीच आणली होती. मूळ नाटक प्लॉटस या रोमन नाटककाराचं, साधारण २२०० वर्षांपूर्वीचं. नाव 'मेनाएख्मी'.

सिसिली बेटावरच्या एका व्यापाऱ्याला जुळे मुलगे. त्यातल्या सात वर्षांच्या एकाला घेऊन बाप परगावी जातो आणि उत्सवाच्या गर्दीत पोरगं हरवतं. (जत्रेत हरवणाऱ्या आपल्या सिनेमांतल्या भावांचे हे खापरपणजोबाच म्हणायचे!) एपिडॅम्नसचा, म्हणजे आजच्या अल्बेनियातल्या डुरेस बंदराचा, एक व्यापारी त्याला उचलून नेतो, मुलासारखा वाढवतो, हुंडा आणणारी बायको करून देतो. इकडे खरा बाप झुरून मरतो. आजोबा घरी राहिलेल्या जुळ्याला हरवलेल्याचंच नाव ठेवतात, मेनाएख्मस. हा मोठेपणी भावाला शोधत सहा वर्षं फिरतो आणि नेमका त्याच गावात येऊन ठेपतो. पुढचा गोंधळ सांगायला नकोच.

मला थांबवलं ते त्या गावातल्या मेनाएख्मसच्या बायकोनं. नवरा पहिल्यांदा रंगमंचावर येतो तोच तिच्यावर डाफरत. कुठे जाता, काय आणता, असं सारखं विचारते म्हणून. आणि तेव्हा त्याच्या अंगरख्याखाली काय असतं? तिचाच चोरलेला उंची शेला! तो शेजारच्या गणिकेला द्यायचा असतो. तिचं सोन्याचं कंकणही आधीच तिकडे पोचलेलं. गणिका ते चुकून दुसऱ्या भावाच्या हाती देते, 'सोनाराकडून जरा सोनं वाढवून आण' म्हणून. आयतं जेवण, शेला, कंकण! तो आपल्या नशिबावर खूश.

बिचारी बायको शेवटी वडिलांना बोलावते. म्हातारा काठी टेकत येतो आणि काही ऐकण्याआधीच लेकीला झापतो. नवरा कुठे जातो, काय करतो, यावर पाळत ठेवू नको, कितीदा सांगितलं? त्याने काय दासींमध्ये बसून लोकर पिंजायची का? कपडे, दागिने, दासी, सगळं देतो ना तुला? हे वाचताना हा संवाद मला कुठेतरी शेजारी ऐकल्यासारखा वाटला. चोरीचं कळल्यावर म्हातारा जरा वरमतो, पण तिथेही 'तो दोषी असेल तर वाईट, नसेल तर तू वाईट' असा हिशेब.

शेवटी भाऊ समोरासमोर येतात. बापाचं नाव काय, आईचं काय, हरवलास तेव्हा वय किती, अशी प्रश्नोत्तरं होऊन ओळख पटते. हे घडवून आणणाऱ्या गुलामाला स्वातंत्र्य मिळतं. मग ठरतं, सगळं विकून मायदेशी परतायचं. लिलावाची दवंडी पिटली जाते: गुलाम, सामान, शेती, घर... आणि गिऱ्हाईक मिळालं तर बायकोसुद्धा! हा अर्थात विनोद. पण ओळख पटण्याच्या या सोहळ्यात ती हजरच नाही. गणिकेला नाव आहे, आचाऱ्याला आहे, फुकट जेवणाऱ्या आगंतुकालाही आहे. हिला फक्त 'गृहिणी' म्हटलंय.

नाटकं बघायला बायकाही येत. प्लॉटसच्याच दुसऱ्या एका नाटकाच्या सुरुवातीला त्यांना बजावलंय की गुपचूप बघा, गुपचूप हसा आणि गप्पा घरी जाऊन मारा. लिलावाच्या त्या वाक्याला त्या कितपत हसल्या असतील, हे मला फार विचारावंसं वाटतं.

शेक्सपिअरनं तिला एड्रियाना हे नाव दिलं, मनातलं बोलायला बहीण दिली आणि लिलाव गाळला. पण बोलणी काही चुकली नाहीत. तुझ्या संशयामुळेच नवऱ्याला वेड लागलं, असं तिला मठातली एक जोगीण सुनावते. ती जोगीण शेवटी निघते कोण? तिची सासू!